टोमॅटोचं रोप: किती दिवसांचं, कसं आणि कधी लावायचं



रोहिणी नक्षत्र लागलं आहे. नाशिक, निफाड, दिंडोरी, संगमनेर, जुन्नर पट्ट्यातल्या सभासदांचे खरिपाच्या टोमॅटोबद्दल फोन सुरू झाले आहेत. दहापैकी आठ फोनमध्ये एकच प्रश्न असतो, "कोणती जात लावू?" जातीबद्दल पुढच्या मेसेजमध्ये बोलू. आज रोपाबद्दल बोलायचं आहे, कारण जात कितीही भारी घेतली तरी रोप खराब निघालं तर पुढचे चार महिने औषधाच्या दुकानात चकरा माराव्या लागतात.

मेसेज मोठा आहे. सेव्ह करून ठेवा, लावणीच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचा. घरात रोपांना पाणी घालणारं जे कोणी असेल, आई, मालकीणबाई, भाऊ, त्यांनाही वाचून दाखवा.

*आधी हिशोब*

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन बेडमधलं अंतर ५ फूट आणि दोन रोपांतलं दीड फूट धरलं तर एका रोपाला साडेसात चौरस फूट जागा मिळते. म्हणजे एकराला ५,८०० रोपं. मरतूक आणि नांगे भरण्यासाठी दहा टक्के जादा धरा, म्हणजे ६,४०० रोपं.

समजा रोप दीड रुपयाला पडलं, तर ६,४०० रोपांचे ९,६०० रुपये झाले. आता त्याच एकरात मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू, तार, सुतळी, खतं, फवारण्या, बांधणीची आणि तोडणीची मजुरी किती होते ते तुम्हीच मांडा. रोपाचा खर्च त्यात अगदी थोडा आहे. पण बाकीचा सगळा खर्च त्या रोपाच्या भरवशावर होतो.

म्हणून या मेसेजमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: *खराब रोप परत करताना किंवा टाकून देताना जीव कासावीस होऊ देऊ नका. रोपाचे पैसे बुडाले तर नऊ-दहा हजार जातात. खराब रोप लावलं तर हंगाम जातो.*

*उलटी मोजणी करा*

आपण आधी बी पेरतो आणि मग रान तयार करायला धावतो. तिथेच गणित चुकतं. रोप वाट बघत नाही. ते ट्रेमध्ये वाढतच राहतं. म्हणून आधी लावणीची तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

समजा तुम्हाला १५ जुलैला लावणी करायची आहे.

• झेंडूची बी पेरणी: ३१ मे. (झेंडूचं रोप ४५ दिवसांचं लागतं.)
• नर्सरीत बुकिंग: १० जूनच्या आत.
• टोमॅटोची बी पेरणी: २० जून. (२५ दिवस)
• रानाच्या कडेने मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी दाट पेरणं: २२ ते २४ जून.
• बेड, शेणखत, बेसल डोस, ठिबक, पेपर तयार: १० जुलैच्या आत.
• रोप काटक करायला सुरुवात: १० जुलै.
• लावणी: १५ जुलै, दुपारी चारनंतर.

झेंडू कशाला, असं बरेच जण विचारतात. फळ पोखरणारी अळी म्हणजे घाटे अळी. तिचा पतंग झेंडूच्या कळीवर अंडी घालायला पसंत करतो. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, असं प्रमाण आहे. पण दोन्ही एकाच वेळी फुलावर आले तरच त्याचा उपयोग. म्हणून झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं लावायचं. दोन्हीची बी एकाच दिवशी टाकली तर झेंडू मागे राहतो आणि पुढे दसऱ्याला हार करण्यापुरताच उरतो.

मक्याच्या ओळी उडत येणाऱ्या पांढऱ्या माशीला आडोसा म्हणून आहेत. लावणीच्या वेळी मका निदान गुडघ्याला आला पाहिजे, म्हणून तो आधी पेरायचा.

*किती बी, किती ट्रे*

टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० ते ३५० बिया असतात. शंभर बिया टाकल्या तर ८५ ते ९० चांगली रोपं मिळतील असं धरा. म्हणजे ६,४०० रोपांसाठी सुमारे ७,३५० बिया, वजनात २० ते २५ ग्रॅम. ९८ कप्प्यांचे ७५ ट्रे लागतात. एका ट्रेला भिजवलेलं कोकोपीट सव्वा किलोच्या आसपास बसतं, म्हणजे ९० ते १०० किलो. अंतर कमी-जास्त ठेवणार असाल तर याच पद्धतीने आपला हिशोब काढा.

संकरित वाणाच्या फळातलं बी काढून पुन्हा पेरू नका. पहिल्या पिढीसारखं झाड त्यातून येत नाही. फळं लहान-मोठी, पीक मागे-पुढे आणि मार्केटला प्रतवारीत मार, असा प्रकार होतो.

बियाण्याचं पाकीट, पावती आणि लॉट नंबर हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उद्या उगवण झाली नाही किंवा वाण भलतंच निघालं, तर कृषी विभागाकडे तक्रार करायला हेच कागद लागतात. पाकीट पिशवीत, पिशवी कोठीत आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये.

*पेरणी ते पंचविसावा दिवस*

*तयारी:* ट्रे जुने असतील तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मागच्या वर्षीचा रोग ट्रेच्या कोपऱ्यात बसलेला असतो. कोकोपीट धुतलेलं, खारेपणा काढलेलं घ्या. मूठभर घेऊन दाबा: गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात याच वेळी कोकोपीटमध्ये मिसळा.

*पहिला दिवस:* कप्प्यात बोटाने अर्धा ते एक सेंटिमीटर खड्डा, एक बी, वर कोकोपीटचा पातळ थर. जास्त खोल टाकलं तर कोंब वर येता येता दमतो. रंगीत बियाण्याला कंपनीने आधीच औषध चोळलेलं असतं, त्याला पुन्हा बुरशीनाशक लावायची गरज नाही.

*दुसरा ते चौथा दिवस:* भरलेले ट्रे एकावर एक दहा-दहाच्या थप्पीत ठेवा आणि वरून प्लॅस्टिकने झाका. आत ऊब आणि ओल टिकते. पण तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थप्पी उघडून बघा. पहिले कोंब दिसायला लागले की त्याच दिवशी थप्पी मोडा. "उद्या मोडू" म्हणालात की रोप अंधारात दोन इंच लांब, पांढरट आणि दोऱ्यासारखं होतं. ती चूक पुढे कुठल्याच खताने भरून निघत नाही.

*पाचवा ते दहावा दिवस:* ट्रे नेटखाली पसरा, पण उघड्या मातीवर ठेवू नका. खालच्या भोकातून मुळं जमिनीत जातात, ट्रे उचलताना तुटतात, आणि जमिनीतली बुरशी वर येते. खाली जुना मल्चिंग पेपर तरी अंथरा, मांडव असेल तर उत्तमच. या दिवसांत दोन गुळगुळीत पानं उघडलेली दिसतात. ती बियाची पानं. ती मोजायची नाहीत.

*दहावा ते विसावा दिवस:* कातरलेल्या कडांची खरी पानं येऊ लागतात. बाराव्या-पंधराव्या दिवशी १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला एक ते दोन ग्रॅम, झारीने. आठवड्याने पुन्हा एकदा. एवढं पुरे. नुसता युरिया दिला तर रोप हिरवंगार आणि उंच दिसतं, पण काडी पोकळ राहते.

*पाणी:* सकाळी द्या, बारीक झारीने. ट्रे उचलून बघा, हलका लागला तर पाणी, जड लागला तर थांबा. पावसाळी हवेत संध्याकाळी पाणी घालून रात्रभर पानं ओली ठेवू नका. कडेचे ट्रे लवकर वाळतात, मधले ओले राहतात. म्हणून ट्रेंची जागा तीन-चार दिवसांनी बदला.

*विसावा ते पंचविसावा दिवस:* रोप काटक करायचं. वरची सावली टप्प्याटप्प्याने काढा, पण कीडरोधक नेट ठेवा. पाणी कमी करा. दुपारी पान किंचित मलूल व्हावं आणि पाणी दिल्यावर लगेच उठावं, इतपतच ताण द्या. पाणी बंद करणं म्हणजे काटक करणं नव्हे. नत्राचं खत या दिवसांत बंद.

थंडीत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात बी टाकलं तर हेच सगळं ३० ते ३५ दिवसांवर जातं. उन्हाळ्यात २२-२३ दिवसांतही रोप तयार होतं. त्यामुळे कॅलेंडर बघा, पण शेवटचा निर्णय रोप बघून घ्या.

*रोप कोलमडायला लागलं तर*

सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. ही मर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी त्यामागे असतात. पण त्यांना बोलावणारे आपणच असतो: जास्त पाणी, दाट रोपं, कोंडलेली हवा.

आधी पाणी थांबवा. आडवी पडलेली रोपं कप्प्यातल्या कोकोपीटसकट काढून लांब पुरा. ट्रे मोकळे करा, हवा खेळू द्या. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, झारीने मुळाशी द्या. ट्रायकोडर्मा आणि तांबंयुक्त औषध एकत्र किंवा पाठोपाठ देऊ नका. औषध बुरशी मारतं आणि ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे.

*व्हायरस नर्सरीतूनच येतो*

लीफ कर्ल म्हणजे पर्णगुच्छ पसरवते पांढरी माशी. टॉस्पो वर्गातले विषाणू पसरवतात फुलकिडे. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्याच पट्ट्यात टोमॅटोवर रंगाचे पट्टे पडले आणि लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं, आठवत असेल. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यात काकडीवरील मोझॅक विषाणू सापडला. तो मावा पसरवतो.

या कुठल्याच विषाणूवर फवारून बरं करणारं औषध नाही. झाडाला जितक्या लवकर लागण, तितकं नुकसान जास्त. रोपातच लागण झालेलं झाड फळ धरण्याआधीच गेलेलं असतं. म्हणून पहिले २५ दिवस रोप किडीपासून वाचवणं हीच सगळ्यात स्वस्त फवारणी.

• नेट ४० ते ५० मेशचं हवं. हिरवं शेडनेट फक्त सावली देतं, त्यातून पांढरी माशी आरामात आत जाते.
• नेट चारही बाजूंनी मातीत दाबा. दार दुहेरी असावं. आत गेल्यावर पहिलं दार लावा, मग दुसरं उघडा.
• आत पिवळे आणि निळे चिकट सापळे लावा. पिवळ्यावर माशी आणि मावा, निळ्यावर फुलकिडे.
• जुना टोमॅटो, मिरची, वांगी, काकडीचा प्लॉट शेजारी उभा असेल तर तिथे रोपं करू नका. संपलेला प्लॉट आधी उपटून नष्ट करा.
• आणि एक घरगुती गोष्ट. तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावू नका. मोझॅकचे काही विषाणू तंबाखूतून हाताला आणि हातातून रोपाला लागतात. रागावू नका, पण रोपं भरायच्या दिवशी चंची घरी ठेवा आणि साबणाने हात धुवा.

*तयार रोप विकत घेताना*

आपल्यापैकी बहुतेक जण रोप नर्सरीतूनच घेतात. त्यात वाईट काही नाही. पण रोप गाडीतून उतरल्यावर बघण्यापेक्षा बुकिंगच्या वेळी आणि लावणीच्या आठ दिवस आधी, असं दोनदा जाऊन बघा.

पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: वाण, बियाण्याचा लॉट नंबर, बी पेरल्याची तारीख, रोपांची संख्या. पेरल्याची तारीख लिहायला कोणी टाळाटाळ करत असेल तर रोप दुसऱ्याच कोणाच्या बुकिंगचं उरलेलं असू शकतं. आपलं बी आपण दिलं असेल तर रिकामी पाकिटंसुद्धा परत मागा.

गाडी बंद किंवा ताडपत्री लावलेली हवी, ट्रे रॅकमध्ये. उघड्या पिकअपमध्ये तासभर वारं लागलं की पानं करपतात. आल्यावर लगेच लावायची घाई नको. एक दिवस आपल्या रानात आडोशाला ठेवा, पाणी द्या, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर लावा.

*लावायच्या आधी सात खुणा*

प्रत्येक दहा ट्रेमागे एक ट्रे घ्या. मधलं, कडेचं आणि कोपऱ्यातलं रोप उपसून बघा.

१. *दिवस:* बी पेरल्यापासून २२ ते ३० दिवस.

२. *पानं:* बियाची दोन पानं सोडून ४ ते ५ खरी पानं. बियाची पानंही हिरवी असतील तर रोपाला उपासमार झालेली नाही.

३. *उंची:* १२ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे पाच-सहा इंच. उंच रोप म्हणजे चांगलं रोप, हा गैरसमज सोडा.

४. *काडी:* तळाशी जाड, किंचित जांभळट छटा. बोटाने वाकवली तर परत उभी राहते. काचेसारखी कडक मोडली तर कोवळी, वाकून पडून राहिली तर लांबट.

५. *मुळं:* काडीला धरून हलकं ओढल्यावर गड्डा अखंड निघाला पाहिजे. कोकोपीट गळून पडलं तर रोप अजून चार दिवस लहान आहे. मुळं पांढरी आणि त्यांच्यामधून कोकोपीटही दिसत असेल तर रोप बरोबर वेळेवर आहे. मुळांची तपकिरी दोरी होऊन गड्ड्याभोवती वेढे पडले असतील तर वेळ निघून गेली.

६. *पानाची खालची बाजू:* पान उलटं करून बघा. पांढरी माशी, मावा, आत वळलेल्या कडा, पिवळे-हिरवे चट्टे. एका ट्रेमध्ये दोन-चार रोपं अशी दिसली तर ती काढून टाका. ट्रेमागून ट्रे अशीच निघाली तर लॉट परत करा.

७. *कळी:* ट्रेमध्येच कळी दिसली म्हणजे रोप म्हातारं व्हायला लागलं. "कळी आलेलं रोप लवकर माल देतं" असं सांगून कोणी विकत असेल तर नमस्कार करून निघा.

सातपैकी पाचव्या आणि सहाव्या खुणेला तडजोड नाही. बाकीच्यांना थोडं इकडे-तिकडे चालतं.

*पाऊस लांबला, रोप थांबलं, आता काय?*

खरं दुखणं इथे आहे. रोप तयार झालं आणि पाऊसच नाही. किंवा पाऊस इतका की बेड मोडले, आठ दिवस वाफसा नाही.

मागच्या वर्षी आपल्या एका सभासदाचं असंच झालं. नाव सांगत नाही, त्यांनीच हा किस्सा सगळ्यांना सांगायला सांगितला आहे. रान तयार व्हायला उशीर झाला आणि रोप ४२ दिवसांचं झालं. पैसे दिलेले, म्हणून लावून टाकलं. झाडाला कंबरेएवढी उंची यायच्या आत पहिला घड लागला. झाडाने ताकद फळाला दिली, वाढ तिथेच थांबली. शेजारच्या रानात २६ दिवसांचं रोप त्यांच्यानंतर पाच दिवसांनी लावलं होतं. ते तिसऱ्या तारेला पोचलं तेव्हा यांचं पहिल्या तारेच्या जरा वर होतं. ते म्हणाले, "खत कमी पडलं असं वाटून मी अजून दोन पोती टाकली. कमी खत नव्हतं, रोप थकलेलं होतं."

तर रोप थांबवायची वेळ आली तर असं करा:

• ट्रे एकमेकांपासून लांब ठेवा, पूर्ण ऊन मिळू द्या. दाटीत रोप लांबतं.
• पाणी सकाळी एकदा, जेमतेम. नत्र बंद. पण पान पिवळं पडू लागलं तर १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम एकदा द्या. उपाशी रोप थांबत नाही, निबर होतं.
• नेटमधून बाहेर काढू नका.
• ३० ते ३५ दिवसांचं झालं तर लावता येतं. आलेल्या कळ्या खुडा आणि गड्ड्याच्या तळाची गुंडाळलेली मुळं बोटाने हलकी मोकळी करा.
• ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये ३५ दिवसांच्या पुढे गेलं आणि मुळांची दोरी झाली असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: ते लावू नका.

यावर एक साधा तोडगा म्हणजे बी दोन टप्प्यांत टाका. निम्मं २० जूनला, निम्मं आठ दिवसांनी. एक लॉट गेला तरी दुसरा हाताशी राहतो, आणि माल एकाच आठवड्यात मार्केटला न जाता पुढे-मागे जातो. मोठ्या, ७० कप्प्यांच्या ट्रेमध्ये रोप थोडं जास्त थांबतं, खर्च मात्र वाढतो.

*रोप लांबट झालं तर?* टोमॅटोच्या काडीला मातीत गेल्यावर नवीन मुळं फुटतात. म्हणून लांबट पण निरोगी रोप बियाच्या पानांपर्यंत खोल किंवा थोडं तिरपं लावता येतं. मातीत जाणारी पानं आधी काढा. पण भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात फार खोल लावू नका, पाणी साचून काडी सडते. आणि कलमी रोप असेल तर जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे.

*लावणीचा दिवस*

आदल्या दिवशी ठिबक चालवून बेड ओला करा, लावणीला वाफसा हवा. मूठभर माती दाबून टाकली की फुटली पाहिजे. चिखलात लावलेल्या रोपाभोवती माती वाळून घट्ट होते, मुळाला हवा मिळत नाही.

सकाळी ट्रेना भरपूर पाणी द्या. लावणी चारनंतर करा. दिवसभर ढगाळ असेल तर कधीही चालते. गड्डा पूर्ण मातीत गेला पाहिजे आणि वर बोटभर मातीचा थर हवा. कोकोपीट उघडं राहिलं तर ते वाऱ्याने वाळतं आणि मुळाजवळची ओलही ओढून घेतं. माती दोन बोटांनी हलकी दाबा, अंगठ्याने ठोसू नका.

पेपरच्या भोकात रोप मधोमध हवं. ऊन पडल्यावर काळा पेपर इतका तापतो की टेकलेली काडी भाजते. लोक त्याला मर समजून औषध ओततात. भोक जरा मोठं करा किंवा कडेला मूठभर माती टाका, प्रश्न मिटतो.

लावून झालं की लगेच पाणी. आधी सगळं रान लावून मग पाणी सोडायचं असं नको. दोन-चार बेड झाले की व्हॉल्व्ह उघडा.

*पहिले दहा दिवस*

• दुपारी थोडं मलूल होणं साहजिक आहे. सकाळी टवटवीत दिसलं तर काळजी नको. सकाळीही मान टाकली असेल तर मुळाशी उकरून बघा.
• चौथ्या-पाचव्या दिवशी एक रोप हळूच उकरा. गड्ड्याबाहेर पांढरं मूळ दिसलं म्हणजे रोप लागलं. त्याआधी खताची घाई नको.
• नांगे सातव्या-आठव्या दिवसापर्यंत भरा. त्यासाठी तीन-चार ट्रे नेटमध्ये राखून ठेवा. नंतर लावलेलं रोप मोठ्या झाडाच्या सावलीत कुपोषितच राहतं.
• व्हायरसचं झाड दिसलं की उपटा, पिशवीत घाला, रानाबाहेर नेऊन पुरा. बांधावर टाकू नका.
• कीटकनाशक घेताना लेबलवर टोमॅटो लिहिलेलं असेल तेच घ्या. "शेजाऱ्याने मारलं" ही शिफारस नव्हे.

*या आठवड्यात करायची कामं*

१. लावणीची तारीख ठरवा आणि घरातल्या कॅलेंडरवर उलटी मोजणी लिहा.
२. झेंडूचं बी आणा.
३. नर्सरीत स्वतः जाऊन नेट, दार आणि ट्रे ठेवलेली जागा बघा.
४. शेजारचा संपलेला टोमॅटो, मिरचीचा प्लॉट असेल तर मालकाशी बोलून काढून टाका. गरज पडली तर आपले दोन तास द्या. त्याची पांढरी माशी तुमच्याच रानात येणार आहे.

रोपाबद्दल शंका असेल तर लावायच्या आधी तीन फोटो याच नंबरवर पाठवा: पूर्ण रोप, उपसलेला मुळांचा गड्डा, आणि पानाची खालची बाजू. सोबत बी पेरल्याची तारीख लिहा. नुसता ट्रेचा वरून काढलेला फोटो पाठवू नका, वरून सगळीच रोपं हिरवी दिसतात.

लावल्यानंतर विचारलं तर आपण फक्त फवारणी सांगू शकतो. लावायच्या आधी विचारलं तर "लावू नका" असंही सांगू शकतो. तेवढ्या एका वाक्याने अख्खा हंगाम वाचतो.

पुढचा मेसेज: खरिपासाठी वाण निवडताना काय बघायचं.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पीक सल्ला विभाग